घरसफाईची सीमा : वर्धा परिसरातील न्हाणी, शौचकूप आणि सफाईकार्य (१९२१–१९४८)

१

महाराष्ट्रीय गृहस्थाच्या घरी वर्षातून दोन वेळा मोठी सफाई करण्याचा प्रघात जुना आहे. पावसाळा सरल्यावर दिवाळीपूर्वी एकदा आणि होळी होऊन गेल्यावर गुढीपाडव्यापूर्वी दुसऱ्यांदा. नागपूर-वऱ्हाडकडील घरांत या दिवसांत भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या जातात, ओटा-अंगण शेणाने सारवले जाते, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढून चिंच आणि राखेने घासली जातात, अंथरुणे-पांघरुणे उन्हात पडतात. न्हाणीघराची पाळीही याच वेळी येते. मोरीतील गाळ उपसणे, दगडांवरील शेवाळ खरवडणे, भिंतीच्या खालच्या भागास चुन्याचा हात देणे ही कामे वर्षप्रतिपदेच्या आधी उरकली पाहिजेत, असा घरातील वडील स्त्रियांचा आग्रह असे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि पाडव्याचे मंगलस्नान याच जागेत व्हावयाचे असल्यामुळे न्हाणीची सफाई हा सणाच्या तयारीचाच भाग मानला जाई.

या सफाईच्या यादीत एक जागा मात्र आढळत नाही. ती म्हणजे शौचकूप. खेड्यातील बहुसंख्य घरांना तो नव्हताच. परंतु नगरातील ज्या वाड्यांना तो होता, तेथेही वार्षिक सफाई त्याच्या दारापाशी थांबत असे. ती जागा घराच्या आवारात होती, घरातील माणसे तिचा नित्य उपयोग करीत होती, आणि तरीही तिची स्वच्छता हे घराचे काम गणले जात नव्हते. ते काम बाहेरून येणाऱ्या एका जातीचे होते. घराच्या सफाईची सीमा अशा रीतीने घराच्या भिंतीवर नसून घराच्या आत, न्हाणी आणि शौचकूप यांच्या दरम्यान पडलेली होती.

ही सीमा हलविण्याचा जाणीवपूर्वक आणि दीर्घकाळ चाललेला प्रयत्न ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत वर्धा जिल्ह्याचे स्थान विशेष आहे. मगनवाडी, सिंदी, सेगाव आणि सुरगाव या परस्परांपासून काही मैलांच्या अंतरावरील ठिकाणी १९३४ ते १९४८ या काळात जे घडले, त्याचा वृत्तान्त बहुधा गांधीजींच्या किंवा विनोबांच्या चरित्रातील प्रसंग म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार गृहव्यवस्थेच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केला आहे. घरातील घाण कोणी काढावी हा प्रश्न, ती कशी काढावी या प्रश्नापासून निराळा करता येतो काय, हा येथील मुख्य विचारविषय होय.

२

प्रथम न्हाणीचे स्वरूप पाहिले पाहिजे. जुन्या घरात न्हाणी ही स्वयंपाकघराला लागून किंवा मागील पडवीच्या एका कोपऱ्यात असे. खाली घडीव दगड किंवा फरशी, एका बाजूस उतार, उताराच्या शेवटी मोरी, आणि मोरीतून परसातील केळी-अळूच्या आळ्यापर्यंत जाणारी नाली. पाणी तापविण्यास चूल किंवा तांब्याचा बंब आणि विसणासाठी घंगाळ. सांडपाणी वाया न जाता परसातील झाडांना मिळे, हा या रचनेचा मोठा गुण होता. नाली तुंबली म्हणजे तेच पाणी साचून डासांचे आगर होई, हा दोष होता.

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आणि त्यापासून झालेल्या काळ्या रेगडी जमिनीचा आहे. येथील विहिरींच्या पाण्यात क्षार असल्यामुळे न्हाणीच्या दगडांवर व घंगाळाच्या काठावर पांढरट पुटे चढतात. अशी पुटे चिंचेच्या आंबटपणाने सुटतात. तेलाचा आणि उटण्याचा ओशटपणा मात्र आंबटाने जात नाही. त्यासाठी राख लागते. लाकडाच्या राखेतील क्षार ओला झाला म्हणजे तेलकटपणाशी मिळून साबणासारखे द्रव्य तयार होते. शेवाळासाठी खरखरीत घर्षण हवे, म्हणून विटकरीची पूड व नारळाची शेंडी वापरली जाई. भिंतीला लावलेला ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने बुरशीला व जंतूंना मारक ठरे. ही कारणमीमांसा घरातील स्त्रियांनी पुस्तकातून शिकलेली नव्हती, परंतु कोणत्या मळाला कोणते द्रव्य लागते, याचे त्यांचे ज्ञान पक्के होते.

म्हणजे ज्या घरात शौचकूपाची सफाई कोणालाच येत नव्हती, त्याच घरात न्हाणीच्या सफाईची एक परिपूर्ण विद्या नांदत होती. ज्ञानाचा अभाव हे शौचकूपाच्या उपेक्षेचे कारण मानता येत नाही. ज्या हातांना राख, चुना आणि चिंच यांचे गुणधर्म ठाऊक होते, ते हात त्या दुसऱ्या दारापर्यंत जाऊ दिले जात नव्हते, हे खरे कारण होय.

३

शौचविषयक मराठी शब्दांकडे पाहिले असता याच निष्कर्षाला पुष्टी मिळते. ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’ हे प्रयोग घराबाहेरच्या दिशेचे सूचक आहेत. जागेला ‘पायखाना’ आणि ‘शेतखाना’ ही जी नावे आली ती फारसी-अरबीच्या द्वारे. घरगुती भाषेने त्या क्रियेला दिशा दिली, स्थान दिले नाही. ‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ शुचिता, निर्मळपणा हा आहे. तोच शब्द ज्या जागेला लागला, ती जागा मात्र अशुचितेची परमावधी मानली गेली.

नागरी वाड्यातील शौचकूपाची रचनाही याच कल्पनेतून झालेली होती. वर उंचवट्यावर बसण्याची जागा, खाली टोपली किंवा डबा, आणि तो काढून नेण्यासाठी मागील बोळात उघडणारी झडप. आत बसणाऱ्याला खालचे दिसू नये आणि खालून नेणारा घरातील कोणाच्या दृष्टीस पडू नये, अशी ही व्यवस्था होती. मध्यप्रांतातील मराठी मुलखात हे काम करणाऱ्यांना मेहतर म्हणत. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात या नावाखाली स्वतंत्र नोंद आहे. वर्धा हे नगरही तसे अर्वाचीन. १८६२ मध्ये नागपूरपासून हा जिल्हा वेगळा झाला, १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा नगर वसविण्यात आले आणि १८७४ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. आखून वसविलेल्या नव्या नगरातही मैला वाहण्याची जुनीच रीत आली. रस्ते सरळ झाले तरी मागील झडप कायम राहिली.

झाकून ठेवलेल्या घाणीचे स्वरूप कसे असे, याचे एक प्रसिद्ध वर्णन गांधीजींच्या आत्मकथेत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला असता राजकोटमध्ये खबरदारी म्हणून जी समिती नेमली गेली, तिच्यातर्फे त्यांनी घरोघरीचे शौचकूप तपासले. गरिबांनी तपासणीस हरकत घेतली नाही, पण प्रतिष्ठितांच्या घरी विरोध झाला, आणि घाणीचे प्रमाणही त्यांच्याच घरी अधिक आढळले. अस्पृश्यांच्या वस्तीत शौचकूप नव्हते, तथापि तेथील घरे स्वच्छ, जमिनी सारवलेल्या आणि भांडी लख्ख होती. हे निरीक्षण काठेवाडातील असले तरी त्यातील रचना देशातील अनेक नगरांना लागू पडणारी होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महाराष्ट्रात नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले जाते, ही गोष्टही येथे विचारात घेण्यासारखी आहे. झाडण्याच्या साधनाला लक्ष्मी मानणाऱ्या समाजाने मागील बोळातील झाडूला आणि तो धरणाऱ्या हाताला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. सफाईच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती असे म्हणणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही. सफाईचे दोन प्रकार मानले गेले होते आणि त्यांपैकी एकालाच प्रतिष्ठा होती.

४

वर्ध्यातील प्रयोगाला तीन पूर्वप्रसंगांची पार्श्वभूमी आहे. पहिला १८९८ चा, दरबान येथील. गांधीजींचे तेथील घर पाश्चात्त्य धाटणीचे होते. खोल्यांना मोरी नसल्यामुळे प्रत्येक खोलीत लघवीचे भांडे ठेवलेले असे. ती भांडी नोकराकडून साफ करून न घेता पती-पत्नी स्वतः साफ करीत. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मातापिता अस्पृश्य गणलेल्या जातीचे होते. त्याचे भांडे उचलण्याचा प्रसंग आला तेव्हा कस्तुरबांना ते असह्य झाले, आणि त्यांचे अश्रू पाहून पती इतका संतापला की तो त्यांना दारापर्यंत ओढत घेऊन गेला. या वर्तनाबद्दलची लाज त्याने पुढे आत्मकथेत नोंदविली. घरसफाईची सीमा हलविण्याच्या प्रयत्नातील पहिली ठळक घटना अशा रीतीने पत्नीवरील सक्तीची आहे. या तपशिलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसरा प्रसंग साबरमती आश्रमातील असून तो विनोबांनी सांगितला आहे. आश्रमात मैला नेण्याचे काम करणारा मनुष्य आजारी पडल्यामुळे त्याचा लहान मुलगा बादली वाहत होता. ती त्याला उचलवेना आणि तो रडू लागला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा यांनी ते पाहिले आणि ते त्याच्या मदतीस गेले. पुढे त्यांनी हे काम नित्याचे म्हणून पत्करले. सुरेंद्रजी त्यांना येऊन मिळाले. ब्राह्मण तरुणांनी मैला वाहावा हे आश्रमातही सर्वांना रुचले नाही, परंतु अखेरीस आश्रमाचे शौचकूप आश्रमवासीयांनीच साफ करण्याचा परिपाठ पडला. आश्रमाचा नियम येथे एका मुलाच्या रडण्यातून निघालेला दिसतो.

तिसरा प्रसंग कोकणातील आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. सवर्ण कैद्याला ते काम देण्यास तुरुंगाचे नियम आड येत होते. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि येरवडा येथे बंदिवासात असलेल्या गांधीजींनीही सहानुभूतीदाखल ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. सरकारने विचार करण्याचे मान्य केल्यावर ते थांबले. जातीनुसार कामाची वाटणी रूढीप्रमाणे तुरुंगाच्या नियमांतही मुरलेली होती, हे या प्रसंगाने उघड झाले. तुरुंगातील अशा वाटणीचे नियम घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, हे लक्षात घेतले म्हणजे अप्पासाहेबांच्या मागणीचे महत्त्व कळते.

५

जमनालाल बजाज यांच्या विनंतीवरून विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले आणि तेथे सत्याग्रहाश्रमाची शाखा सुरू झाली. १९२८ मध्ये जमनालालजींनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. या घटनेची देशभर वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. परंतु मंदिराचे महाद्वार उघडणे आणि शौचकूपाची मागील झडप बंद करणे ही दोन कार्ये एका जातीची नाहीत. पहिले विश्वस्तांच्या एका निर्णयाने होऊ शकते. दुसऱ्यासाठी प्रत्येक घराची नित्याची सवय बदलावी लागते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी त्यासाठी दिलेल्या बागेतील वास्तूला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे संघटक होते. गांधीजींचा मुक्काम एप्रिल १९३६ पर्यंत प्रायः तेथेच होता. तेथील दिनक्रमात दळणे, स्वयंपाक, भांडी घासणे यांच्याबरोबरच शौचकूपाची सफाईही वाटून दिलेली असे. न्हाणी व शौचकूप यांतील जुनी सीमा मगनवाडीच्या कामाच्या वाटणीत उरली नाही, आणि हेच या प्रयोगाचे पहिले यश मानावे लागेल.

मगनवाडीच्या आवाराबाहेर मात्र अनुभव निराळा आला. जवळच्या सिंदी या खेड्यात मीराबेन सफाईच्या कामासाठी राहू लागल्या. १९३५ मध्ये महादेवभाई देसाई आणि इतर सहकारी बादली व फावडे घेऊन तेथील रस्त्यांवरील मैला गोळा करावयास जात. गावकरी विरोध करीत नसत, परंतु बदलतही नसत. पलीकडे आणखी घाण आहे, असे बोट दाखवून सांगणाऱ्यांचे उल्लेख त्या काळच्या आठवणींत येतात. यात उद्धटपणा असलाच तर थोडा. बाहेरून येऊन घाण उचलणारा तो सफाईवाला, हे समीकरण गावाच्या मनात पूर्वीपासून दृढ होते. नव्या मंडळींना गावाने त्या जुन्याच जागी बसविले. सेवकांची जात बदलली, गावाची समजूत बदलली नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगाव येथे राहावयास गेले. शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आरंभी सर्वजण आदिनिवास या एकाच झोपडीत राहत. मीराबेनसाठी बांधलेली कुटी पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झाली. तिला स्नानगृह आणि शौचालय जोडूनच आहेत. परसाच्या टोकाला शौचकूप ठेवण्याची रीत सोडून तो राहत्या जागेस लागून ठेवण्याचे धैर्य त्याच्या स्वच्छतेची हमी असेल तरच करता येते. शौचकूप दिवाणखान्याइतका स्वच्छ असला पाहिजे, हा धडा आपण पाश्चात्त्यांपासून घेतला असे गांधीजींनी १९२५ मध्येच लिहिले होते. सेगावच्या कुटीत त्या विचाराला माती-बांबूचे रूप मिळाले.

या काळात कार्यपद्धतीचाही बारकाईने विचार झाला. १९३५ च्या ‘हरिजन’मधील लेखनात गांधीजींनी इंग्रज वैद्य पूर यांच्या मताचा आधार घेऊन मैला फार खोल न पुरता नऊ ते बारा इंचांच्या आत पुरावा असे प्रतिपादिले. वरच्या थरातील माती जंतूंनी सजीव असते, हवा व ऊब तेथेच मिळते आणि तेथेच मैल्याचे निरुपद्रवी खत होते, असे त्यामागील तत्त्व होते. प्रत्येक वापरानंतर कोरडी माती टाकली म्हणजे ओलावा शोषला जातो, दुर्गंधी येत नाही आणि माशांना रीघ मिळत नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे सिद्ध केलेल्या खतपद्धतीचाही ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी पुरस्कार केला. नोव्हेंबर १९३६ मध्ये लिहिलेल्या एका लेखात गांधीजींनी आदर्श भंग्याला शौचकूपाची रचना, ते साफ करण्याची रीत, जंतुनाशनाची द्रव्ये आणि खताची प्रक्रिया यांचे ज्ञान असावे असे म्हटले.

तथापि वर्ध्याच्या जमिनीने या पद्धतीला मर्यादा घातल्या. काळी रेगड उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिकट होते. तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. चैत्रात सुरेख चालणारा चर आषाढात पाण्याने भरतो, आणि कोरडी माती आधी साठवून ठेवली नसेल तर ती मिळतच नाही. म्हणून फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या दिवसांत माती चाळून पावसाळ्यासाठी भरून ठेवणे हे या पद्धतीत अपरिहार्य ठरते. घरोघरीच्या वासंतिक सफाईला येथे एक नवे काम जोडले जाण्याची शक्यता होती. आश्रमात शिस्तीच्या बळावर ते पार पडू शके. शेतकऱ्याच्या घरी मात्र हेच दिवस उन्हाळवाहीचे, लग्नसराईचे आणि पाणीटंचाईचे असतात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नयी तालीमची योजना निघाली. पुढे सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याने चालविलेल्या शाळेच्या दैनंदिन कार्यक्रमात सफाईला नियमित स्थान मिळाले. विधायक कार्यक्रमावरील १९४१ च्या पुस्तिकेत ग्रामसफाई हे स्वतंत्र कलम आहे. सिंदीतील अनुभवानंतर कार्याचा रोख प्रौढांच्या रस्त्यावरून मुलांच्या शाळेकडे वळला, हे या क्रमावरून दिसून येते.

६

गांधीजींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले आणि ते पुन्हा तेथे परतले नाहीत. त्याच वर्षी विनोबांनी एक निराळे काम आरंभिले. १९३८ पासून ते धाम नदीकाठी पवनार येथे राहत होते. तेथून सुमारे तीन मैलांवर सुरगाव हे खेडे आहे. विनोबा रोज खांद्यावर फावडे घेऊन तेथे चालत जात आणि रस्त्यावरील मैला मातीखाली झाकून परत येत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. एके दिवशी वाटेतील ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना, तेव्हा त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून निरोप दिला की, गावाच्या देवळात जाऊन देवाला सांगावे, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे त्याला येता आले नाही.

हा प्रसंग भक्तिभावाने सांगितला जातो. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट हजेरीची आहे. सिंदीला जाणारी मंडळी समूहाने जात, उपदेशही करीत. सुरगावात एक मनुष्य बहुधा मौनाने एकच काम करतो आणि न येण्याचे कारण कळविणे आपले कर्तव्य समजतो. हे काम आपण वीस वर्षे करू, असा त्यांचा संकल्प होता, कारण एक पिढी नवी सवय घेऊन वाढण्यास तेवढा काळ लागतो. ३० जानेवारी १९४८ नंतर परिस्थिती पालटली, विनोबांना बाहेर पडावे लागले आणि हा क्रम दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच थांबला.

वीस वर्षांची मोजणी करणारा प्रयोग दोन वर्षांत संपल्यावर त्याच्या यशापयशाचा निवाडा करणे कठीण आहे. परंतु त्यातून एक गोष्ट निश्चित होते. सफाईचा प्रश्न एखाद्या सप्ताहाचा किंवा मोहिमेचा नसून पिढीचा आहे, याची जाणीव वर्धा परिसरातील या कार्यकर्त्यांना सिंदीच्या अनुभवाने आलेली होती.

७

या प्रयोगावर दोन गंभीर आक्षेप संभवतात आणि त्यांची दखल घेतल्याखेरीज विवेचन पूर्ण होत नाही.

पहिला आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या आपल्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, ज्या कामात मनुष्य जन्माने जखडला गेला आहे, त्या कामाला श्रेष्ठ सेवा म्हणून गौरविणे म्हणजे ती शृंखला टिकविणे होय. आश्रमवासी स्वेच्छेने फावडे उचलतो आणि स्वेच्छेने ते खाली ठेवू शकतो. मेहतराला ते खाली ठेवता येत नाही. आदर्श भंग्याच्या वर्णनात शास्त्रीय ज्ञान आहे, परंतु त्याने ते काम सोडावे ही अपेक्षा तेथे ठळक नाही. हा आक्षेप बिनतोड आहे असे म्हणावे लागते. मात्र आश्रमातील परिपाठाचा तर्क स्वतंत्रपणे पाहिला, तर तो आंबेडकरांच्या अपेक्षेच्या विरुद्ध जात नाही. प्रत्येक घराने आपला शौचकूप आपणच साफ केला, तर त्या कामासाठी जात उरतच नाही. गौरवाची भाषा आणि वाटणीचा परिपाठ या दोहोंत परिणामाच्या दृष्टीने भेद केला पाहिजे. अप्पासाहेब पटवर्धनांनी पुढे ‘भंगीमुक्ती’ हा शब्द पुढे आणला. त्यात काम करणाऱ्याच्या सुटकेला अग्रस्थान मिळाले.

दुसरा आक्षेप दरबानच्या प्रसंगातून निघतो. घराने आपली घाण आपणच काढावी असे म्हटले म्हणजे घरातील कोणी, हा प्रश्न शिल्लक राहतो. आश्रमात स्त्री-पुरुषांना पाळी सारखी होती. गृहस्थाच्या घरी न्हाणीची सफाई पूर्वीपासून स्त्रीकडे होती. शौचकूप घराच्या आत आला तेव्हा त्याचीही सफाई बहुधा तिच्याच वाट्याला आली. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळी एकचतुर्थांशाच्या आसपास होते. जातीवर टाकलेला भार उतरून तो घरातील स्त्रीवर चढला, तर सीमा हलली असे म्हणता येईल, नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही.

८

१९४८ नंतर या प्रश्नाची सूत्रे अधिकाधिक रचनेच्या आणि कायद्याच्या हाती गेली. अप्पासाहेबांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापून कमी खर्चाच्या, मैल्याला हात न लावता खत देणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेली बर्वे समिती आणि केंद्राच्या मलकानी समितीचा १९६० चा अहवाल यांनी मैला वाहण्याच्या पद्धतीची चौकशी करून सुधारणा सुचविल्या. पाण्याच्या अडसराचे, तीव्र उताराचे भांडे प्रचारात आल्यावर दीड-दोन लिटर पाण्यात काम भागू लागले. त्याला दोन शोषखड्ड्यांची जोड दिली म्हणजे एक भरल्यावर दुसरा वापरता येतो आणि मधल्या काळात पहिल्यातील मैल्याचे कोरडे खत होते. सेगावच्या चरातील मातीचे तत्त्वच येथे भांड्याखाली गेले. हाताळणी मात्र मधून निघून गेली. मैला वाहण्याच्या कामावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. महाराष्ट्रात २०००–०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालले, आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी देशव्यापी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले.

या सर्वांचा परिणाम म्हणून घरातील चित्र पालटले. न्हाणी आणि शौचकूप पुष्कळ घरांत आता एकाच छताखाली, कित्येकदा एकाच खोलीत आहेत. दिवाळीच्या किंवा पाडव्याच्या सफाईत दोन्ही एकाच दिवशी घासली जातात. चिंच-राखेच्या जागी तीव्र आम्लाच्या बाटल्या आल्या. क्षाराची पुटे आम्लाने सुटतात हे तत्त्व तेच राहिले. मागील बोळातील झडप बुजली. १९३४ मध्ये जे नवल होते ते आता दिनक्रमाचा भाग झाले आहे, आणि या अर्थाने वर्ध्याचा प्रयोग जिंकला असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि सीमा पूर्णतः मिटलेली नाही. नगरांतील असंख्य घरांखाली मलकुंड आहे आणि दोन-तीन वर्षांनी ते उपसावे लागते. घासूनपुसून लख्ख केलेल्या फरशीखालचा हा भाग वार्षिक सफाईच्या यादीत पुन्हा येत नाही. तो तुंबला म्हणजे बाहेरून माणूस बोलावला जातो. कायद्याने मनाई असूनही अशा कुंडांत आणि गटारांत माणसे उतरविली जातात आणि विषारी वायूने मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तीस लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. रक्कम वाढवावी लागली, यावरूनच हे मृत्यू थांबलेले नाहीत हे स्पष्ट होते.

मगनवाडी, सेगाव आणि सुरगाव येथील सफाईकार्याचे मूल्यमापन करताना म्हणूनच एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. केवळ हात बदलल्याने समजूत बदलत नाही, हे सिंदीने दाखविले. केवळ रचना बदलल्याने हातांची गरज पूर्ण संपत नाही, हे मलकुंडांवरून दिसते. हात आणि रचना या दोहोंचा एकत्र विचार करणारी काही वर्षे वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला आली होती. शौचकूपाची सफाई पाळीने करणारा, चराची खोली इंचांत मोजणारा आणि आपल्या गैरहजेरीचा निरोप पाठविणारा कार्यकर्ता त्या काळात एकाच परिसरात वावरत होता. घराची सफाई कोठे संपते हा प्रश्न त्याने विचारला, तेव्हा त्याच्यासमोर मागील बोळातील झडप होती. आज तोच प्रश्न फरशीखालच्या झाकणाविषयी विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर अजून घराने दिलेले नाही.